पिंकीचे वडील रोज घरी येत

मामा सात वाजता घरी यायचा. भेस्तानच्या आमच्या गल्लीत बहुतेकांचे वडील त्याच सुमाराला यायचे, कारण खात्यांची पाळी सातला बदलायची. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. मागांची खटखट थांबत नसे, ती दुसऱ्या पाळीची माणसं पुढे चालू ठेवत. पण गल्लीच्या तोंडाशी सायकलींच्या घंटा वाजू लागत आणि घराघरांतून स्टोव्हवर चहाची पातेली चढत. मामाच्या सायकलीचं मागचं मडगार्ड ढिलं होतं. तो आवाज पिंकीला चार घरं लांबून ओळखू यायचा. हातातलं काम, तोंडातला घास, अर्धवट घातलेली वेणी, काय असेल ते तसंच टाकून ती उंबऱ्यावर जायची. मामा पायरीवर बसायचा, पिंकी त्याच्या मागे उभी राहून त्याच्या केसांत अडकलेले धाग्याचे तुकडे एकेक वेचून काढायची आणि त्याच्या कानाला तोंड लावून दिवसभराच्या बातम्या ओरडून सांगायची. मागांमध्ये उभं राहून राहून मामाला कमी ऐकू यायचं. तो मान हलवत राहायचा. मामी चहा आणून द्यायची, आणि तो बशीतला पहिला घोट पिंकीला द्यायचा.

मी आत, धान्याच्या कोठीला टेकून, वही मांडीवर घेऊन हे बघत बसायचे. मला पिंकीचा हेवा वाटायचा. तिच्या कपड्यांचा नाही, तिच्या गोऱ्या रंगाचाही नाही. आमच्या दोघींच्या फ्रॉकचं कापड मामा एकाच ताग्यातून आणायचा. मला हेवा वाटायचा त्या पायरीचा. रोज येणाऱ्या माणसाच्या केसांत हात घालायचा तिला हक्क होता आणि तो हक्क आहे हे तिच्या गावीही नव्हतं. मी तेव्हा सातवीत होते. मामाने कधी मलाही इकडे ये म्हणून अहिराणीत हाक मारली, "आठे ये व, बेटा," आणि बशी माझ्यापुढे केली, तर मी चहा नको म्हणायचे. दुसऱ्याच्या वडिलांच्या बशीतला चहा मला प्यायचा नव्हता.

गंमत अशी की गल्लीच्या मते हेवा पिंकीला माझा वाटायला हवा होता. माझे वडील फौजेत होते. त्यांचा वर्दीतला फोटो मामीने देवांच्या शेजारी लावला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो आधी दाखवायची, पाणी नंतर द्यायची. शेजारची गुजराती मासी मला "फौजीनी दीकरी" म्हणजे फौजीची मुलगी म्हणूनच ओळखायची. मला नाव आहे, वैशाली, हे तिला बहुधा कधी कळलंच नाही.

माझा नवरा आज इच्छापोरला एका कंपनीत आहे. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावर येतो, आणि माझी मुलगी मोबाइलमधून मान वर काढत नाही. तिला उठवून दाराशी उभं करावं असं मला दर वेळी वाटतं. मी तसं करत नाही. वडील घरी येणं ही गोष्ट तिला इतकी साधी वाटते, हे बरंच आहे.

आम्ही भेस्तानला आलो ते पप्पांची बदली जिथे झाली तिथे कुटुंब नेता येत नव्हतं म्हणून. त्याआधी आम्ही त्यांच्या मागोमाग झाशी, पठाणकोट, अंबाला, जोधपूर असे फिरलो होतो. अमळनेरकडच्या आमच्या गावी आजी-आजोबा राहिले नव्हते, घर बंद होतं. आईने आपल्या भावाला फोन केला आणि मामा म्हणाला, येऊन जा, त्यात विचारायचं काय. दोन खोल्यांत आम्ही पाच जणं. आई मामीबरोबर साड्यांना टिकल्या लावायचं काम करू लागली. दुपारभर दोघी नणंद-भावजया जमिनीवर साडी पसरून बसायच्या आणि संध्याकाळी जेवायला बसलं की भाकरीवरसुद्धा एखादी चमकी सापडायची. जेवण मात्र चांगलं असायचं. छावणीतल्या घरांत आईने कधी कळण्याची भाकरी केली नव्हती, कारण शेजारच्या पंजाबी, गढवाली बायका तिचा काळा रंग पाहून हसत. इथे ती रोज थापू लागली, बरोबर वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. आई अहिराणीत बोलू लागली, मोठ्याने हसू लागली. तिला तिचं माणूस मिळालं होतं, भाषा मिळाली होती. मला मात्र तिथे काहीच ओळखीचं नव्हतं.

माझं मराठी म्हणजे घरात ऐकलेलं तेवढंच. शाळा सगळ्या हिंदी-इंग्रजीतल्या. मामाने मला पिंकीच्या मराठी शाळेत, पिंकीच्याच वर्गात घातलं आणि पहिल्याच दिवशी मी फळ्यावर "कमळ" हा शब्द "कमल" असा लिहिला. वाचायला सांगितलं तर तसाच वाचला. वर्ग हसला. पिंकीही हसली, आणि घरी येऊन तिने ते मामाच्या कानात ओरडून सांगितलं. मामाही हसला. सगळे प्रेमानेच हसत होते, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शाळेला माझं काय करायचं ते दोनच प्रकारे सुचत होतं. मुख्याध्यापक सर मला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून म्हणायचे, "हिचे वडील सीमेवर उभे आहेत म्हणून आपण इथे उभे आहोत," आणि सगळी शाळा माझ्याकडे बघायची. बाकीचे शिक्षक मला काही विचारायचेच नाहीत. फक्त टीव्हीवर काही वाईट बातमी आली की दुसऱ्या दिवशी एखादे सर वर्गात सगळ्यांसमोर विचारायचे, "काय गं, वडील कुठे आहेत सध्या? ठीक आहेत ना?" मला ते कुठे आहेत हे माहीत नसायचं. माहीत नाही असं म्हटलं की सगळा वर्ग गप्प व्हायचा, आणि त्या गप्प होण्याचा मला फार राग यायचा.

वानखेडे बाई दिवाळीनंतर आमच्या वर्गावर आल्या. अमरावतीकडच्या. उंच, काळ्यासावळ्या, तोंडात कायम लवंग. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायच्या, चिडल्या की त्यांचं वऱ्हाडी बाहेर यायचं, त्यामुळे बाई चिडल्यात हे आम्हाला शब्दांवरूनच कळायचं. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात काहीच विचारलं नाही. एका दुपारी मधल्या सुट्टीत मला थांबवून घेतलं आणि माझ्या आधीच्या शाळांची नावं क्रमाने सांगायला लावली. कोणत्या महिन्यात आलीस, कोणत्या महिन्यात निघालीस, तेव्हा गणितात काय चालू होतं. मला आठवेल तसं मी सांगत गेले.

"आणि दशांश अपूर्णांक?" त्यांनी विचारलं.

"ते अंबाल्याला सुरू होणार होते. मग आम्ही निघालो. जोधपूरला गेले तर तिथे ते झालेले होते."

"मग तुला ते कोणी शिकवलेच नाहीत."

"नाही."

"आणि तू कोणाला सांगितलं नाहीस?"

मी मान खाली घातली. गेलं वर्षभर सगळे मला गणितात ढ समजत होते, मीही समजत होते.

"रडते काहून बाप्पा," बाई म्हणाल्या. "तुला येत नाही असं नाही. तुला शिकवायचं राहून गेलंय. ते माझं काम आहे, तुझं नाही."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतली पंधरा-वीस मिनिटं बाई माझ्याबरोबर बसू लागल्या. डबा उघडून, एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहीत. 'ळ' चाही त्यांनी सराव करून घेतला. वर्गात मात्र मला पहिले दोन महिने मोठ्याने वाचायला सांगितलं नाही, आणि का सांगत नाहीत हेही कोणाला सांगितलं नाही. निबंध मी हिंदीत लिहिला तरी तपासायच्या, खाली मराठीत दोन ओळी लिहून द्यायच्या. मुख्याध्यापक सरांना काय म्हणाल्या मला ठाऊक नाही, पण प्रार्थनेला पुढे बोलावणं बंद झालं.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारलं होतं की फौजींच्या मुलांचं तुम्हाला इतकं कसं कळत होतं. त्या म्हणाल्या, "मला कुठे काय कळत होतं? मी सैनिक पाहिला होता तो रेल्वेत. तुझ्या आईला घरी येऊन विचारलं, तिने सांगितलं." खरंच, त्या एकदा मामाच्या घरी आल्या होत्या. आईशी बराच वेळ बोलल्या. तेव्हाच फोनचं ठरलं.

पप्पांना तिकडून फोन लावता येई तो दिवसाच, तोही लाइन मिळाली तर. मामाकडे फोन नव्हता. गल्लीतल्या किराणा दुकानात फोन यायचा, पण तेव्हा मी शाळेत असायचे, आणि परत येताना दुकानदार मला सांगायचा, "फोन आवेलो, बंद थई गयो." आईशी त्यांचं बोलणं व्हायचं, माझ्याशी नाही. वानखेडे बाईंनी नुकताच एक लहानसा मोबाइल घेतला होता, बटणांचा. शाळेत आणखी कोणाकडे नव्हता. त्यांनी तो नंबर आईला दिला. म्हणाल्या, "शाळेच्या वेळात लागला तर लागू द्या. माझा तास बुडत नाही दोन मिनिटांनी."

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा बाई इतिहास शिकवत होत्या. त्यांनी नंबर बघितला, खडू ठेवला, मला खुणेने बाहेर नेलं, फोन माझ्या हातात दिला आणि वर्गाच्या दारात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, कोणी बाहेर येऊ नये म्हणून. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता.

"बेटा? जेवलीस का?"

"हो."

"अभ्यास चालू आहे ना?"

"हो."

"आईला त्रास देऊ नको."

"नाही."

इतक्या दिवसांनी लागलेला फोन, आणि मला एक वाक्य सुचेना. सांगण्यासारखं पोटात खूप होतं. पण ज्याला माझ्या वर्गातल्या एकाही मुलीचं नाव माहीत नाही, त्याला सुरुवात कुठून करून सांगायची? लाइन आपोआप तुटली. मी फोन बाईंना परत दिला. त्यांनी आत जाऊन खडू उचलला.

काही फोन असेच गेले. मग एकदा पिंकी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली आणि माझ्या हातातला फोन ओढून घेऊन म्हणाली, "फुवा, मी पिंकी. तुमच्याकडे बर्फ आहे का? आमच्याकडे पोंक आलाय, हुरडा. तुम्ही आलात की खाऊ. आणि सांगू, आपल्या वैशूला गणिताच्या चाचणीत दुसरा नंबर मिळाला, ती सांगणार नाही तुम्हाला." आत्याच्या नवऱ्याला ती फुवा म्हणायची. ती बोलत राहिली, आणि मला फोनमधून पप्पांचं हसणं ऐकू आलं. माझ्याशी बोलताना ते एकदाही हसले नव्हते. पिंकीकडे सात वाजता येणारा एक बाप होता, आणि आता तिने माझाही घेतला, असं मला वाटलं. त्या दुपारी मी तिच्याशेजारी बसले नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाईंनी ते पाहिलं.

पप्पा जानेवारीत सुटीवर आले. स्टेशनवरून रिक्षाने आले, काळी ट्रंक, हिरवी पिशवी. पूर्वीपेक्षा बारीक झाले होते आणि गालांची कातडी थंडीने फुटली होती. मामाने त्यांच्यासाठी कोंबडी आणली, मामीने शेवेची भाजीही केली, आई दिवसभर नुसती हसत होती. पप्पांनी मला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मग, सहावी कशी चाललीय?"

"फुवा, सातवी," पिंकी म्हणाली. "आम्ही दोघी सातवीत."

सगळे हसले. पप्पाही हसले, थोडे ओशाळून. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

पुढचे काही दिवस आमच्या घरात पप्पा पिंकीचेच होते. तिला त्यांच्याशी बोलता यायचं. ती त्यांच्या बुटांना पॉलिश करायला बसायची, बर्फात आंघोळ कशी करता म्हणून विचारायची, त्यांच्याकडून बिछान्याची चादर ताणून बसवायला शिकली आणि रोज सकाळी सगळ्या घराला दाखवायची. पप्पा माझ्याकडे बघायचे. मी उठून पाणी भरायला जायचे. मला वाटायचं त्यांनी मला ओढून बसवावं. त्यांना वाटत असावं की पोरीला आवडत नसेल. ते मला "बेटा" म्हणायचे. पिंकीलाही "बेटा"च म्हणायचे. जवानांच्या बायकांच्या कडेवरच्या पोरांनाही ते छावणीत "बेटा"च म्हणत असत.

त्यातच मुख्याध्यापक सरांनी निरोप पाठवला की सव्वीस जानेवारीला फौजीसाहेबांनी वर्दीत यावं, दोन शब्द बोलावेत, आणि त्यांना पुष्पगुच्छ त्यांच्याच घरची मुलगी देईल. घरची मुलगी म्हणून सरांनी निवडली पिंकीला. ती धीट होती, मंचावर अडखळत नसे. पिंकीने घरी आरशापुढे वाकून नमस्कार करायचा सराव सुरू केला. मी आईला म्हटलं, मला त्या दिवशी ताप येणार आहे. आई म्हणाली, "ताप सांगून येत नाही." मी म्हटलं, माझा येतो.

आईने हे वानखेडे बाईंना सांगितलं असावं, कारण शुक्रवारी बाई मला म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर वडिलांना घेऊन ये. साध्या कपड्यांत. फक्त तू आणि ते."

पप्पांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली. आम्ही चालत गेलो. वर्गात बाईंनी त्यांना माझ्या बाकावर बसवलं. त्यांचे गुडघे बाकात मावत नव्हते.

"मुलगी कितवीत आहे तुमची?" बाईंनी विचारलं.

"सातवीत." हे त्यांना आता पाठ झालं होतं.

"हिची मैत्रीण कोण? हिला कोणता विषय आवडतो? कोणता अवघड जातो?"

पप्पा माझ्याकडे बघू लागले. मी फळ्याकडे बघू लागले.

"मी तुमची परीक्षा घेत नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्हाला हे कळणार कसं? तुम्ही इथे नसता. त्यात तुमची चूक नाही, हिचीही नाही. पण तिला वाटतं तुम्हाला जाणून घ्यायचं नाही. आणि तुम्हाला वाटतं तिला सांगायचं नाही. दोघंही 'जेवलीस का' आणि 'हो' यावर थांबून राहता. दारात उभी असते मी, सगळं ऐकू येतं मला."

पप्पा अधिकाऱ्यासमोर बसावं तसे ताठ बसले होते.

"ही चार शाळा फिरली. एका बदलीत हिचे दशांश अपूर्णांक राहून गेले. आता येतात. वैशाली, वडिलांना शिकव." माझ्या हातात खडू देऊन बाई मागच्या बाकावर जाऊन पेपर तपासत बसल्या.

मी फळ्यापाशी गेले. शून्य, टिंब, पाच लिहिण्यापुरता धीर होता. मग शून्य, टिंब, पंचवीस लिहिलं. "यातली मोठी संख्या कोणती?"

"पंचवीस," पप्पा म्हणाले.

"नाही पप्पा."

मी त्यांना "नाही" म्हटलेलं बहुधा तेच पहिलं. ते पुढे वाकले. "पाचापेक्षा पंचवीस मोठे नाहीत?"

"मलाही असंच वाटायचं. तुम्ही मीटरपट्टी डोळ्यांसमोर आणा. हा अर्धा मीटर. हा पाव मीटर."

त्यांनी विचार केला. खरा विचार केला, मला बरं वाटावं म्हणून नव्हे. त्यांचं गणित दहावीला कसंबसं सुटलं होतं, आणि त्यांना ते खरोखर येत नव्हतं. मी पुढचं उदाहरण घातलं, त्यांचं चुकलं. आणखी एक घातलं, तेही चुकलं, आणि मला हसू आलं. तेही हसले. फोनमध्ये पिंकीशी हसले होते तसेच. "हे कुठे राहून गेलं होतं तुझं?" त्यांनी विचारलं.

"अंबाल्याहून निघालो तेव्हा."

"तू ट्रकमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसली होतीस," ते म्हणाले. "सगळं सामान मागे टाकलं, दप्तर टाकू दिलं नाहीस. मला वाटलं, दप्तर बरोबर आहे म्हणजे शाळा बरोबर आहे."

त्यांना ते आठवत होतं. ते माझ्याकडे बघत होते तर, तेव्हाही. मी त्यांना सांगू लागले: जोधपूरच्या शाळेतल्या सरांनी मला कसं उभं केलं होतं, इथे 'कमळ'वरून काय झालं, बाईंचा डबा, शेवटचा बाक. खडू हातातच होता.

तेवढ्यात दारात पिंकी आली. आमच्या मागोमागच आली असणार. "फुवा, मीपण येऊ?"

"ये ये," पप्पा सवयीने म्हणाले.

"पिंकी, नाही," मागून बाई म्हणाल्या. त्या उठून पुढे आल्या. "आज हिचा दिवस आहे. तू तुझ्या वडिलांना घेऊन ये, तुझ्यासाठीही वेळ ठेवते."

"ते नाही येणार. त्यांची पाळी असते."

"पाळी नसेल तेव्हा ये." आणि बाईंनी दार लावून घेतलं.

तो दरवाजा लागल्याचा आवाज मला इतका गोड वाटला की काय सांगू. पिंकी बाहेर होती आणि मी आत होते. यात दयाळूपणा काही नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीकडून तो मागूही नये.

सव्वीस जानेवारीला पप्पा वर्दीत गेले नाहीत आणि मंचावरही बसले नाहीत. बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या होत्या, "ते सुटीवर आलेत, सर. ती सुटी त्यांच्या मुलीची आहे, शाळेची नाही." सर काही दिवस बाईंवर नाराज होते. पुष्पगुच्छ पिंकीने नगरसेवकांना दिला. पप्पा बाकी पालकांबरोबर सतरंजीवर बसले आणि कवायतीत माझं एक पाऊल चुकलं ते त्यांनी घरी जाताना मला बरोबर दाखवून दिलं.

पिंकी मात्र माझ्याशी बोलेना. गच्चीवर मामीच्या साड्या वाळत घालताना तिने एकदाच तोंड उघडलं. "बाई तुझ्या. फोन तुझा. प्रार्थनेला नाव तुझं. माझ्या बापाला मी काय सांगते ते ऐकूसुद्धा येत नाही. तो मान हलवतो ते उगाच."

मी ओली साडी हातात धरून उभी राहिले. एवढे महिने पायरीवरचं ते दृश्य मी डोळे फाडून पाहिलं होतं आणि हे मला दिसलं नव्हतं. "उद्या लाइटची सुट्टी आहे," मी म्हटलं. "खातं बंद असेल."

मामा खरंच शाळेत गेला. केसांना तेल लावून, लग्नातला शर्ट घालून. बाईंनी दार लावलं, पण मामाशी बोलायचं म्हणजे कानाशी ओरडावं लागे, त्यामुळे अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं की पिंकीचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर आहे आणि तिची बडबड सगळ्यात जास्त आहे. मग मामाचा त्याहून मोठा आवाज आला, "मनी पोर शे ती," आणि तिघं हसली. मी व्हरांड्यात उभी होते. मला पुन्हा पिंकीचा हेवा वाटला. माझ्या पप्पांनी माझ्याबद्दल इतक्या मोठ्याने कधीच काही म्हटलं नव्हतं.

सुटी संपली. सुरत स्टेशनवर दुपारची गाडी होती, आम्ही सगळे गेलो. पिंकी पप्पांच्या हाताला धरून मोठमोठ्याने रडत होती, आणि येणारे-जाणारे तिलाच त्यांची मुलगी समजत होते. मी ट्रंकेवर बसले होते. पप्पांनी पाण्याची बाटली उचलली आणि मला म्हणाले, "चल, भरून आणू."

नळ फलाटाच्या टोकाला होता. त्यांनी बाटली नळाखाली धरली. पाण्याची धार बारीक होती.

"तुझ्या मामाचा मला राग येतो," ते अचानक म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मामाबद्दल वाईट बोललेलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"भला माणूस आहे. तुम्हाला सांभाळतो, मी त्याचे पाय धरायला हवेत. पण पावसाळ्यात तुला ताप आला होता ना, त्याने तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मी तिकडे फोन धरून उभा, मागे लाइनीत माणसं उभी, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी..." त्यांनी वाक्य सोडलं. "जळलो मी त्याच्यावर. अजून जळतो. तुला पाठीवर घेतलं, तेव्हा तू त्याच्या गळ्याला हात टाकलेस का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही."

बाटली भरून पाणी त्यांच्या हातावरून वाहू लागलं. त्यांचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

"टाकले होते," मी म्हटलं. "ताप होता म्हणून."

ते हसले नाहीत. त्यांनी मान हलवली.

"मीपण जळते," मी म्हटलं.

"कुणावर?"

"पिंकीवर."

"खूप?"

"खूप."

त्यांनी झाकण लावायला घेतलं, ते दोनदा वाकडं बसलं. गाडीची घोषणा झाली तरी ते हलेनात. मग त्यांनी ओला हात माझ्या मानेमागे ठेवला, आणि आम्ही तसेच चालत परत आलो.

डब्यापाशी मामा घाबराघुबरा झाला होता, ट्रंक त्याने एकट्यानेच आत चढवली होती. "एवढा येळ?" तो ओरडला.

"नळावर गर्दी होती," पप्पा त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "हो, खूप गर्दी," मी म्हटलं. नळावर आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.